अंगणातील कारखाना



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार असे आपण धरून चालता, आणि बहुधा तसेच होतेही. आज मात्र मी जीपगाडीच्या जॅकविषयी बोलणार आहे. संयोजकांना विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "जॅक म्हणजे तो चाक बदलायचा का?" तोच. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली आपली माणसे सुट्टीच्या दिवशी जातात आणि त्यांतली काही धड बाहेर येत नाहीत, म्हणून हा विषय.

माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. चौदाव्या वर्षी मी एका गॅरेजात पाने पुसावयास लागलो, पुढे फौंड्रीत गेलो आणि तेथून संघटनेत. जे काही वाचले ते कामगार कायदे आणि गाड्यांच्या कंपन्यांनी छापलेली दुरुस्तीची पुस्तके. या दोहोंत दुसऱ्या प्रकारची पुस्तके अधिक सरळ बोलतात, असे माझे मत आहे. कोणता नट आधी सोडावयाचा हे सांगताना त्यांत 'शक्यतो' आणि 'यथावकाश' हे शब्द येत नाहीत.

डोंगर, चिखल, ओढ्याची वाळू, नांगरलेले रान यांतले काहीही न पाहता चालणारी गाडी म्हणून जगाला ओळख झाली ती जीपची. १९४० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बँटम नावाच्या एका लहान कंपनीने तिचा पहिला नमुना केला आणि १९४१ पासून विलीज व फोर्ड या कंपन्यांनी ती युद्धासाठी लाखांनी काढली. युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या जीपा आपल्याकडे जिकडे तिकडे झाल्या, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीपची जोडणी सुरू केली. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला त्याच घराण्यातल्या पुढच्या गाड्या 'वडाप' म्हणून धावल्या. ज्या वाडीला एस.टी. दिवसातून एकदा येते, तिथली बाळंतीण, भाजीची पाटी आणि परीक्षेला जाणारी मुले या गाडीतून जातात. कायद्याच्या दृष्टीने त्या प्रवासाचे पुष्कळदा काय होते ते येथे सांगत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गाडी घरी दुरुस्त करण्याचा मोह तिच्या जन्मातच आहे. ती रणांगणावर, कारखान्यापासून दूर, शिपायांनी हाताशी असलेल्या पान्यांनी उघडावी अशाच बेताने बनवलेली होती. बॉनेट उघडले की सगळे समोर दिसते, हात कोठेही पोचतो. शिवाय गॅरेजात गाडी दिली तर मजुरी जातेच, पण गाडी तेथे दोन दिवस उभी राहिली तर दोन दिवसांची कमाई जाते आणि बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात गोणपाट अंथरावयाचे, शेजाऱ्याचा जॅक आणावयाचा आणि कामाला लागावयाचे, हा रिवाज झाला. मी तो मूर्खपणा मानत नाही. माझी तक्रार निराळी आहे. कारखान्यात यंत्राला जाळी नाही म्हणून जो माणूस माझ्याबरोबर व्यवस्थापकाच्या दारात दोन तास उभा राहतो, तोच माणूस घरच्या अंगणात स्वतःच मालक होतो, स्वतःच मुकादम होतो, आणि स्वतःमधल्या कामगाराला म्हणतो, "चल, घूस खाली, पाच मिनिटांचे काम आहे." त्या ठिकाणी 'थांब' म्हणणारे कोणी उरत नाही.

२०१४ साली आमच्या संघटनेतला एक मोल्डर, फौंड्रीत साचे करणारा चांगला कसबी गडी, रविवारी घरच्या जुन्या जीपचे मागचे चाक उतरवीत होता. ही जीप त्याच्या वडिलांच्या वेळची. ऊस तोडणीच्या दिवसांत भाऊ ती चालवी. त्याने हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, जॅक लावला, मागचे डावे चाक उचलले आणि काढले. मग ड्रमच्या मागचा पाइप पाहावयास पाय पसरून आत सरकला. जीप हळूच मागे सरकली, जॅक कलंडला आणि ड्रम त्याच्या घोट्यावर आला. नंतर त्याने मला विचारलेला प्रश्न एकच होता: "दादा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मग ती हललीच कशी?" लोकांनी तोवर उत्तर देऊन टाकले होते, की हँडब्रेक नीट ओढला नसेल. तो नीट ओढला होता. मी स्वतः पाहिला. हा प्रश्न इतका मोलाचा आहे, की आज मी बराचसा वेळ त्यालाच देणार आहे.

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक फुगीर लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या पोटात डिफरन्शियल नावाची दात्यांची जुळणी असते. गाडी वळणावर असताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो आणि आतल्या चाकाला जवळचा. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर ठोकलेली असती तर त्यांतले एक घासत गेले असते. म्हणून अशी योजना केलेली असते, की एक चाक जितके मागे राहील तितकेच दुसऱ्याने पुढे जावे आणि दोघांची सरासरी इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या फिरण्याशी जुळावी. पांदीतल्या वळणावर बैलजोडीतला आतला बैल जागच्या जागी पाय टाकतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकतो, पण जू एकच असते, तसेच हे.

आता तो शाफ्ट घट्ट धरून ठेवला असे समजा. सरासरी शून्य झाली. पण सरासरी शून्य म्हणजे दोन्ही चाके थांबलीच पाहिजेत असे नव्हे. एक चाक पुढे फिरले आणि दुसरे तितकेच मागे फिरले, तरी सरासरी शून्यच! दोन्ही चाके जमिनीवर असतात तोवर हा खेळ चालत नाही, कारण गाडी एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे जाऊ शकत नाही. ज्या क्षणी एक चाक जमिनीवरून सुटते, त्या क्षणी ते हवेत मोकळेपणी उलटे फिरावयास तयार असते, आणि जमिनीवर राहिलेले जोडीदार चाक सुलटे. गाडीला अडवणारे काही उरत नाही. गिअर शाफ्टला धरतो, म्हणून गिअरही कामाचा नाही.

"पण हँडब्रेक तर चाकांना धरतो," असे आपण म्हणाल. साध्या मोटारीत तो बहुधा मागच्या चाकांच्या ड्रमवर असतो, हे खरे. जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये तसा नाही. तेथे हँडब्रेकचा छोटा ड्रम मागे जाणाऱ्या शाफ्टच्या मुळाशी, चारचाकी ताकद वाटणाऱ्या पेटीच्या पाठीला बसवलेला असतो. म्हणजे तोही शाफ्टलाच धरतो, चाकाला नाही. आमच्या मोल्डरने एकाच वस्तूला दोनदा बांधले आणि जी वस्तू हलणार होती ती मोकळीच राहिली. मोटार चालवावयास शिकलेला माणूस जीपकडे येतो तो येथे फसतो. कोणाला शंका असेल तर पुढची दोन्ही चाके दगड लावून अडकवावीत, मागचा सगळा एक्सल दोन भक्कम टेकूंवर ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलटे फिरताना दिसेल. हा प्रयोग मी युनियनच्या ऑफिससमोर करून दाखवला तेव्हा तीस वर्षे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसांनी वाकून वाकून पाहिले.

यावर उपाय अगदी दरिद्री आहे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना, पुढून आणि मागून, लाकडाच्या पाचरी किंवा सपाट बुडाचे दगड. जॅकचा पहिला दांडा मारण्याच्या आधी, नंतर नव्हे. चारही चाकांना ताकद देणारी दांडी असेल तर ती जोडून ठेवावी. म्हणजे हँडब्रेकने धरलेला शाफ्ट पुढच्या शाफ्टलाही धरतो, आणि पुढची दोन्ही चाके जमिनीवर असल्यामुळे त्यांना उलटसुलट फिरता येत नाही. पुढच्या हबांना मोकळे करण्याची कळ असलेल्या गाडीत ती कळ लावलेली हवी, नाहीतर हेही व्यर्थ. मात्र त्याच दांडीला दुसरी धार आहे. चारही चाकांची ताकद जोडलेली, मागचे एक चाक उचललेले, आणि अशा वेळी आवाज ऐकण्यासाठी कोणी इंजिन सुरू करून गिअर टाकला, तर पुढची चाके गाडी ओढून जॅकवरून खाली उडी मारतात. तेव्हा गाडी उचललेली असताना किल्ली खिशात ठेवावी. दुसरी दांडी मध्यावर, म्हणजे न्यूट्रलवर राहिली असेल तर पहिल्या दांडीने टाकलेला गिअर गाडीला मुळीच धरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

अंगणाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. अंगण सपाट कधीच नसते. पावसाचे पाणी उंबऱ्याकडे न येता बाहेर जावे म्हणून आपल्या आया-बहिणी सारवतानाच त्याला उतार देतात. तो डोळ्याला दिसत नाही, जीपला दिसतो. शिवाय काळी माती वरून कोरडी आणि खाली ओली असली, की जॅकचे बूड एका बाजूने रुतते आणि जॅक तिरका होतो. जॅकखाली जाड फळी हवी. आणि वर गाडी पेलावयास जॅक नकोच. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. तेलाचा जॅक एका लहानशा झडपेवर आणि रबरी वायसरवर उभा असतो. तो वायसर केव्हा दगा देईल ते त्याचे त्यालाही माहीत नसते. उचललेल्या गाडीच्या चासीखाली किंवा एक्सलखाली लोखंडी घोडी लावावी. घोडी नसेल तर आडवे-उभे रचलेले लाकडाचे ओंडके. विटा लावू नयेत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर नकोतच. लाकूड दबताना करकरते, चिरा पडतात, माणसाला सरकावयास वेळ देते. वीट काही न सांगता फुटते. सुमारे ११०० किलोंची गाडी, तिचा एक कोपरा म्हणजे दोन-अडीच क्विंटल. साखरेची पाच पोती एकदम छातीवर टाकावीत तसे.

चाकापाशी आलोच आहोत तर माझ्या डाव्या हाताविषयी सांगतो. याच्या दोन बोटांना वाक नाही. मी पंधरा वर्षांचा असताना गॅरेजात लष्करी लिलावातली एक फार जुनी जीप आली होती. त्या जीपांपैकी पुष्कळांची चाके दोन ताटल्या समोरासमोर जोडाव्यात तशी दोन तुकड्यांची असत. मध्यभागी पाच नट, ते चाक गाडीला धरतात. आणि त्यांच्या बाहेर कडेने आणखी नट, ते त्या दोन ताटल्या एकमेकींना धरतात. मला सांगितले, "चाक उतरव." मी कडेचे नट सोडावयास लागलो. टायरमध्ये हवा भरलेली. तीस पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला तीस पौंडांचा रेटा, आणि त्या ताटलीचे चौरस इंच शेकड्यांनी मोजावे लागतात. शेवटचे दोन नट राहिले असताना उस्तादाने लांबून पाहिले आणि असा ओरडला, की मी पाना टाकून मागे झालो; पण ताटली एका बाजूने उघडलीच. बोटांवर निभावले. मालमोटारीच्या आणि ट्रॉलीच्या चाकांना जी पोलादी रिंग असते तिचेही असेच आहे. ती नीट बसली नसताना हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. अमेरिकेत १९८० साली अशा अनेक तुकड्यांच्या चाकांसाठी सरकारने खास नियम केले: लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवावे, लांब नळीने हवा भरावी, आणि रिंगच्या रेषेत माणसाने उभे राहू नये. पिंजरा आपल्याजवळ नाही. पण रेषेत उभे न राहण्याला पैसे पडत नाहीत, आणि कोणतेही चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ देण्यालाही नाहीत.

याच जीपची आणखी एक खोडी आहे. जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही योजना. ज्याला हे माहीत नाही तो पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहतो, नट सोडतो आहे असे समजून आवळत जातो, आणि शेवटी स्टड मोडून तोंडावर आपटतो. मी दोघांचे दात असे गेलेले पाहिले आहेत. स्टडच्या टोकावर बहुधा खूण असते; ग्रीस पुसून पाहावी.

येथवर जे सांगितले त्यात दुखापत दुरुस्ती करणाऱ्याला होते. आता सांगतो ती चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते ऑइल नाही. नावाने घात केला आहे. ते निराळ्याच रसायनांचे पातळ द्रव्य आहे, आणि ब्रेकच्या सिलिंडरांतील रबरी वाट्या त्याच्याशीच जुळवून बनवलेल्या असतात. घरी दुरुस्ती करताना ब्रेकची बाटली कमी भरलेली दिसली आणि हाताशी इंजिन ऑइलचा डबा होता, 'ऑइल ते ऑइल' म्हणून थोडे ओतले, असे करणारी शहाणी माणसे मी पाहिली आहेत. पहिल्या दिवशी काही होत नाही. मग त्या वाट्या खनिज तेलाने फुगतात, मऊ पडतात. ब्रेक एक तर धरूनच राहतो, नाहीतर घाट उतरताना पायाखाली पेडल सरळ जमिनीला टेकते. असे तेल एकदा गेले की काढून टाकून भागत नाही. सगळी रबरे बदलावी लागतात आणि पाइप धुवावे लागतात. जो पैशासाठी गॅरेज टाळत होता तो येथे कचरतो, आणि सकाळी त्याच गाडीत बारा माणसे बसतात. या ठिकाणी मी 'गरिबी आहे' हे कारण ऐकून घेत नाही. स्वतःच्या घोट्यावर जॅक पाडून घेण्याचा अधिकार आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. या बाबतीत होऊ शकत नाही.

ब्रेकच्याच ड्रममध्ये जी करडी भुकटी साठते तिला तोंडाने फुंकर मारू नये आणि हवेच्या पाइपानेही उडवू नये. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होतो. ओल्या फडक्याने पुसावी, आणि ते फडके घरात आणू नये.

पेट्रोल, बॅटरी आणि गरम पाणी यांविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल, म्हणून थोडक्यात आटोपतो. पेट्रोलने भाग धुऊ नयेत. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी निघते, मग वैशाखातल्या अंगणाची गोष्टच नको. ती वाफ हवेपेक्षा जड असते, पाण्यासारखी जमिनीवरून वाहते आणि चूल जेथे असेल तेथे जाऊन भेटते. भडका चुलीपाशी उडतो आणि आग परातीकडे धावत येते. टाकीतून नळीने तेल काढताना तोंडाने ओढण्याची सवय तर घातकच. पोटात गेलेल्यापेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेला घोट वाईट. आणि अशा माणसाला उलटी करवू नये, कारण ओकताना ते पुन्हा फुप्फुसात जाते. त्याला सरळ दवाखान्यात न्यावे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने उडतो, म्हणून बिडी दूर. बॉडीला जोडलेली वायर आधी सोडावी, जोडताना शेवटी जोडावी, आणि बोटातली अंगठी काढून ठेवावी. घाट चढून आलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळलेले नसते, ते झाकण उघडताच तोंडावर उकळते. पावसाळ्यात ताडपत्री लावून बंदिस्त केलेल्या पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी वायूला वास नाही आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट धरते. माणसाला वाटते, झोप येते आहे.

आता पंख्याकडे येऊ, कारण येथे मला माझा मूळ मुद्दा सापडतो. इंजिन चालू असताना त्यावर वाकलेला माणूस घरी काय घालतो? लुंगी, आणि गळ्यात पंचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात बाविसावे कलम होते. चालू यंत्राजवळ तेल देणे, पट्टा बसवणे ही कामे फक्त खास शिकवलेल्या प्रौढ माणसानेच करावीत, त्याचे नाव नोंदवहीत असावे, त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, आणि ते कपडे मालकाने द्यावेत, असे ते सांगत होते. एकोणतिसावे कलम म्हणत होते, की उचलण्याची यंत्रे आणि साखळ्या वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसाकडून तपासून घ्याव्यात. पुढे २०२० साली संसदेने हा कायदा नव्या संहितेत विलीन केला. त्या संहितेवर मला जे म्हणावयाचे आहे ते निराळ्या व्याख्यानाचे आहे. पण ही कलमे कोणी दयाळू माणसाने घरी बसून सुचवलेली नव्हती. पट्ट्यात सदरा अडकून जी माणसे गेली त्यांच्या चौकशीतून ती आली. एक एक शब्द कोणाच्या तरी हातापायाने लिहिला गेला आहे. आणि आमचा माणूस कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना ते सगळे शहाणपण हजेरीच्या कार्डाबरोबर तेथेच ठेवून येतो.

मोल्डरच्या घोट्याचे पुढे काय झाले ते याच्याशी जोडलेले आहे. तो विमायोजनेखाली होता. कामावर इजा झाली असती तर त्या वेळच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत पगाराच्या ९० टक्के दराने अपंगत्वाचा लाभ मिळाला असता, आणि व्यंग कायमचे ठरले असते तर त्या प्रमाणात जन्मभर काही रक्कम मिळत राहिली असती. २०१० पासून तर घरून कामावर जाताना वाटेत झालेला अपघातही त्यात धरीत. पण ही इजा अंगणातली. मी कागद घेऊन चार वेळा गेलो. तेथल्या कारकुनाने मला उद्धटपणा केला नाही, त्याने फक्त नियम दाखवला, आणि नियम त्याच्या बाजूचा होता. मिळाला तो साध्या आजारपणाचा भत्ता, ७० टक्क्यांनी, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. औषधोपचार झाले, ते चांगले झाले. पण घोटा पुन्हा पूर्ण वाकला नाही, आणि वितळलेल्या लोखंडाची कढई घेऊन चालणाऱ्याला न वाकणारा घोटा चालत नाही. त्याला स्टोअरमध्ये हलके काम देववण्यासाठी आम्हाला आठ महिने भांडावे लागले. पगार कमी झाला तो कमीच राहिला.

आणि त्या दिवशी बॅटरी धरून उजेड दाखवीत त्याचा आठ वर्षांचा मुलगा जवळ उभा होता. ड्रम दीड हात इकडे पडला असता तर आज मी हे भाषण केले नसते. कारखान्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर घेता येत नाही. अंगणात मात्र पाना देणारा, उजेड धरणारा आणि नट शोधावयास गाडीखाली शिरणारा हमखास मूलच असते, कारण त्याला मजुरी द्यावी लागत नाही आणि त्याला मौजही वाटते. मला स्वतःला वाटत असे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ब्रेकचे द्रव्य किंवा रॉकेल भरून कट्ट्यावर ठेवण्याची सवय याच घरांतून आहे. मुलाला बाटली ओळखीची असते, आतले द्रव्य नसते.

कोकणच्या काही किनाऱ्यांवर हल्ली फुगीर टायरांच्या, घोड्यासारखे बसून चालवावयाच्या लहान चारचाकी गाड्या भाड्याने देतात. त्यांना ए.टी.व्ही. म्हणतात. ज्यांच्या घरी त्या आहेत ते त्यांची दुरुस्तीही घरीच करतात, म्हणून दोन शब्द. होंडा कंपनीने १९७० मध्ये काढलेली अशी पहिली गाडी तीन चाकांची होती. ती वळणावर इतक्यांदा उलटली, की १९८८ साली अमेरिकेत सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयापुढे तडजोड होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. हल्लीच्या चारचाकी गाडीत घरच्या माणसाची ठरलेली चूक हवेची असते. तिच्या टायरला चार-पाच पौंड, फार तर सहा-सात पौंड हवा लागते. हाताने दाबला तर टायर दबला पाहिजे. पंक्चरवाला सवयीने मोटारीसारखी तीस पौंड भरतो. मग ती गाडी वाळूवर चेंडूसारखी उडते, आणि कधी कधी भरतानाच टायर रिमवरून फुटून सुटतो. तिच्या टायरवर आकडा छापलेला असतो. दुसरे असे, की यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या मागच्या एक्सलला डिफरन्शियल नसतेच, दोन्ही चाके एकाच दांड्यावर असतात. तेव्हा जीपवरून शिकलेले सगळे तिला लागू करू नये. आधी खाली वाकून पाहावे.

आम्ही संघटनेतर्फे चार लोखंडी घोड्या, बाभळीच्या आठ पाचरी आणि एक जाड फळी विकत घेऊन ऑफिसात ठेवली आहे. सभासदाने शनिवारी संध्याकाळी न्यावी, सोमवारी आणून द्यावी, वहीत सही करावी. अनामत रक्कम नाही. कार्यकारिणीत या खर्चावर बरीच चर्चा झाली. एका जुन्या सभासदाने विचारले, की हा युनियनचा विषय आहे काय. मोल्डर त्या बैठकीला होता. तो काही बोलला नाही, काठी टेकीत उठला आणि वहीत पहिली सही त्याने केली. खंडेनवमीला आम्ही त्या घोड्यांना झेंडू वाहतो. पाचरी आठांच्या सहा उरल्या आहेत, आणि एक घोडी गेल्या पावसाळ्यात गेली ती अजून परत आलेली नाही. कोणाकडे आहे ते वहीत आहे.